वाघीण म्हणू नये

परवा चंद्रपूरच्या बसस्टँडवर एक बाई माझ्या शेजारी येऊन बसली. तिच्या पायाशी सिमेंटचं जुनं पोतं होतं, आणि पोत्याचं तोंड लुगड्याच्या चिंधीनं घट्ट आवळलेलं होतं. पण मोहफुलांचं तोंड बांधून काय होतं? तो वास पोत्याला जुमानत नाही. गोड, जड, जरासा आंबूस, आधी नाकात जातो आणि मग डोक्यात घर करतो. मी तिला विचारलं, लागला का हंगाम? ती म्हणाली की लागला ना बाई, झाडाखाली पाय ठेवायला जागा नाही. एवढं ऐकलं आणि माझी बोटं पर्सची चेन उघडझाक करायला लागली. बस येईपर्यंत मी तीन वेळा उठले आणि तीन वेळा त्याच जागी येऊन बसले. ती बाई माझ्याकडे बघून पोतं जरा पलीकडे ओढून बसली.

मला दर वर्षी असंच होतं. होळीची राख थंड होते न होते तोच माझ्या अंगात भिंगरी शिरते. रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये मी काम करते. काचपट्टीवर थेंब पसरायचा, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, हे काम चंचल माणसाचं नाही, आणि एरवी मी चंचल नाहीही. पण चैत्राच्या तोंडाशी माझ्या खुर्चीत मुंगळे सोडल्यासारखी माझी गत होते. लॅबमधल्या मुली हसतात. हसू देत. त्यांच्या आया पहाटे मोह वेचायला जंगलात जात नाहीत.

अशा दिवसांत घरी आल्यावर मी कपाटातून एक खोकं काढते. त्यात मालगाडीचा डबा असतो. म्हणजे डबा व्हायचा असतो. तूर्त नुसत्या भिंती, छप्पर, तळ, आणि तांदळाच्या कणीएवढे बारीक भाग. सगळं रेझिनचं, म्हणजे एका तऱ्हेच्या प्लास्टिकचं, साच्यात ओतून काढलेलं. दक्षिणेतल्या एका शहरात एक गृहस्थ घरच्या घरी हे साचे करतात आणि आमच्यासारख्या मोजक्या खुळ्यांना कुरिअरनं पाठवतात. पुरा झालेला डबा वीतभरसुद्धा भरत नाही. लोक विचारतात, म्हणजे खेळणं? मी हो म्हणते. वाद घालण्यात वेळ गेला तर डबा कधी व्हायचा?

हे काम मात्र घाईच्या माणसाला धडा शिकवणारं आहे. तुकडे साच्यातून सुटावेत म्हणून त्यांना तेलकट काहीतरी लावलेलं असतं, ते भांड्याच्या साबणानं धुऊन काढावं लागतं. नाही धुतलं तर रंग वर बसतो आणि महिन्याभरानं कांद्याच्या सालीसारखा सुटून येतो. मग कडेचा फाजील पापुद्रा पात्यानं कापायचा. कड घासायची ती पाण्याखाली, नाहीतर भुकटी छातीत जाते. मग भिंतीला भिंत काटकोनात चिकटवायची, आणि डिंक असा की एका श्वासात धरतो. चुकलात तर चुकलात. त्यानंतर केसाएवढी भोकं पाडून त्यात पितळी तारेच्या कड्या ओवायच्या. हात थरथरला की भोक वाकडं. मन शांत असतं तेव्हा मला हे काम करावंसं वाटतच नाही. ते अस्वस्थ असतं तेव्हाच मी याला हात घालते, आणि तेव्हाच हात थरथरतो. हा विनोद माझ्यावर कोणी केलाय ते मला ठाऊक नाही.

बाबा रेल्वेत गँगमन होते. खांद्यावर हातोडा घेऊन रुळाच्या कडेनं चालायचे. मालगाडी आली की बाजूला उभं राहून ती पूर्ण जाईपर्यंत बघायचे, अगदी शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत. त्यांना वाचनाची आवड होती, आणि वर्तमानपत्रात मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे त्यांनी कधीतरी वाचलं. तेव्हापासून त्यांना दुसरा शब्द आवडेना. "आज कोळशाच्या लय वाघिणी गेल्या," ते घरी येऊन सांगायचे. एकदा त्यांनी मोठ्यानं बातमी वाचली, की अमुक ठिकाणी बारा वाघिणी रुळांवरून घसरल्या. माय चुलीपाशी होती. ती कळवळून म्हणाली, बारा? आणि पिल्लांचं काय झालं? बाबा हसता हसता खाटेवरून खाली बसले. मायनं त्या दिवशी त्यांना दुसऱ्यांदा भाजी वाढली नाही.

बाबा गेले. शब्द माझ्याकडे राहिला. मी पहिला डबा केला तेव्हा मायला फोन करून सांगितलं, माय, माझी वाघीण झाली. पलीकडून ती म्हणाली, "त्याले डब्बा म्हण." मला वाटलं, जुनी थट्टा तिला अजून सलते आहे.

तसं नव्हतं. आमच्या गावाला ब्रह्मपुरीपासून जीपनं जायचं, तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, रस्ता संपतो. अलीकडे गाव, मध्ये तलाव, पलीकडे मोहाची झाडं आणि त्यामागे लागून जंगल. आमच्याकडे कोणी वाघाचं नाव घेत नाही. जनावर म्हणतात. जनावर दिसलं, जनावर पाणी पिऊन गेलं, जनावरानं वासरू नेलं. बैलाला, बकरीला कोणी नुसतं जनावर म्हणत नाही, त्यामुळे घोटाळा होत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तरी ठाऊक नव्हतं. गाव सोडून शहरात राहिलं की असं होतं. शब्द सगळे येतात, कधी गप्प बसायचं तेवढं विसरायला होतं.

ज्या हंगामाची मला आठवण येते, किंवा जो मला सोडत नाही म्हणा, त्या हंगामात माझा पाय मोडलेला होता. स्कूटर घसरली, नडगीचं हाड तडकलं, आणि डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. चंद्रपुरात तिसऱ्या मजल्यावर एकटीनं कसं राहणार? मायनं बंडूभाऊंची जीप पाठवली. बंडूभाऊ म्हणजे आमच्या भागातलं चालतं वर्तमानपत्र. ब्रह्मपुरी ते गाव अशा दिवसाला किती फेऱ्या मारतात आणि किती बातम्या वाहतात याचा हिशोब नाही. त्यांनी मला मागच्या बाकावर आडवी घातली आणि वाटभर प्रत्येक खड्ड्याची आगाऊ सूचना दिली. माझ्या मांडीवर खोकं होतं. यात काय हाय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाघीण. आणि त्यांना तो शब्द उलगडून सांगितला. बंडूभाऊंना तो इतका आवडला की जीपमधल्या प्रत्येक माणसाला त्यांनी तो सांगितला.

मायच्या अंगणात माझी खाट पडली. तिथून तलावाची पाळ दिसायची आणि पाळीपलीकडे मोहांचे शेंडे. माय पहाटे उठायची. तिची चाहूल मला लागायची: टोपलीचा खरखर आवाज, काठी, दाराची कडी. हाक आली की ती निघायची. हाक मैनाबाईंची असायची. मैनाबाई आमच्या शेजारच्या, गोंडाच्या घरच्या, मायपेक्षा थोड्या मोठ्या. मैना हे नाव त्यांना कोणी दिलं कोण जाणे, कारण असं कमी बोलणारं माणूस मी पाहिलेलं नाही. त्यांची आणि मायची झाडं लागून होती. लग्न होऊन माय या गावात आली तेव्हापासून दोघी बरोबर जात होत्या.

मोह वेचायचा म्हणजे वाकायचं. फुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं आणि हरणं खाऊन जातात. वाकलेलं माणूस जंगलातून बघणाऱ्याला माणूस वाटत नाही, चार पायांचं काहीतरी वाटतं. वनखात्याची माणसं हे दर वर्षी येऊन सांगतात. एकट्या जाऊ नका, उजाडल्यावर जा, बोलत राहा. बायका मान डोलावतात आणि अंधारातच निघतात. त्या वर्षी जंगलात पिल्लं असलेली एक होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिचे पाय तलावाच्या चिखलात उमटलेले दिसले होते, आणि त्यांच्या शेजारी लहान पाय.

मी मायला म्हटलं, या वर्षी नको जाऊस. ती म्हणाली, झाडं काय पुढच्या वर्षासाठी फुलं राखून ठेवतात? मी म्हटलं, मी पैसे देते तुला. हे बोलायला नको होतं. तिनं माझ्या प्लास्टरकडे बघितलं आणि म्हणाली, तुझा पाय बसला की तू जाशील, मी कुठे जाऊ? तिच्यासाठी मोह म्हणजे नुसती मिळकत नव्हती, ते मला तेव्हा समजायला हवं होतं. तो वर्षातला तिचा स्वतःचा महिना होता. झाड तिचं, सोबतीण तिची, पहाट तिची.

मग मी काय करणार? ती गेली की मी खाटेवर उठून बसायची आणि पाटावर तुकडे मांडायची. कच्च्या रेझिनचा रंग आणि ताज्या मोहफुलाचा रंग अगदी एक, पिवळसर पांढरा. अंगणात चटईवर मायची फुलं वाळत असायची आणि शेजारी फडक्यावर माझे धुतलेले भाग. एक दिवस वारा आला, आणि हातब्रेकचा बारका दांडा उडून मोहात पडला. मी काठीनं फुलं उपसत बसले. माय येऊन बघते तो काय, तिनं पसरलेला मोह सगळा एका कोपऱ्यात. दांडा मिळाला नाही. तो बहुतेक फुलांबरोबर बाजारात गेला. कोणाच्या नशिबी आला असेल, आणि त्यानं तो चघळून काय विचार केला असेल?

दुपारी ऊन असं पडायचं की टिनाच्या पत्र्याखाली ठेवलेली डब्याची भिंत भाकरीसारखी वाकली. रेझिन तापलं की मऊ पडतं. मग गरम पाण्यात बुडवून, सपाट दाबून, थंड करून सरळ करायची. मी मायचं भाताचं गंज, म्हणजे पातेलं, घेतलं. ती ओरडली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी ते गंज माझ्या खाटेखाली आणून ठेवलं, आता हे तुझंच, म्हणाली. आमचं दोघींचं असं चाललेलं. बाहेरून कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, किती निवांत घर. मी मात्र कड घासताना पाळीकडे बघत होते. भोक पाडताना पाळीकडे बघत होते. पाळीवर डोक्यावर टोपली घेतलेल्या बायकांची रांग दिसली, आणि रांगेत मायची पोपटी ओढणी दिसली, की माझा हात स्थिर व्हायचा. त्या डब्याची जी बाजू सुबक झाली आहे ती सगळी माय परत आल्यानंतरची. वाकडी बाजू त्याआधीची.

त्या दांड्यासाठी मी दक्षिणेतल्या गृहस्थांना फोन केला. ते सज्जन म्हणाले, नुसता दांडा कशाला, दुसरा डबाही पाठवतो. पार्सल ब्रह्मपुरीत बंडूभाऊंच्या ओळखीच्या दुकानात उतरायचं होतं. मी बंडूभाऊंना सांगून ठेवलं, माझी दुसरी वाघीण येणार आहे, जपून आणा.

त्यांनी जपूनच आणली. सकाळची पहिली फेरी घेऊन ते पाळीवर आले, जीप थांबवली, आणि पलीकडे बायका वेचताना दिसल्या. मायला आनंदाची बातमी लगेच द्यावी म्हणून त्यांनी तोंडाशी हात धरून हाक दिली, ताईची वाघीण आली वो! वारा उलटा होता. "ताईची" अलीकडेच राहिलं. पलीकडे गेलं ते फक्त उरलेलं.

खाटेवरून मला पाळ तेवढी दिसली, बाकीचं नंतर ऐकलं. झाडांखालच्या बायका एकदम उभ्या झाल्या आणि धावत सुटल्या. टोपल्या उलटल्या, कोणाची चप्पल राहिली, कोणाचं लुगडं काट्याला फाटलं. पाळीवर बंडूभाऊ खोकं हातात धरून उभे, आणि त्यांना समजेना की पार्सल बघायला इतक्या बायका का येताहेत. समजलं तेव्हा त्यांना पळायला जागा उरली नव्हती. त्या दिवशी बायकांनी त्यांना ज्या शिव्या दिल्या त्यातल्या काही मी पहिल्यांदाच ऐकल्या. तोपर्यंत पलीकडे गुरं झाडाखाली पोचली होती. त्या सकाळचा मोह गुरांनी खाल्ला.

आणि मग हसू आलं. भीती ओसरली की येतं तसं, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुढचे कितीतरी दिवस गावाला दुसरा विषय नव्हता. सासू कोपऱ्यावर दिसली की सुना म्हणायच्या, वाघीण आली. शाळेतली बाई आली की पोरं म्हणायची, वाघीण आली. जो शब्द गावात कोणी तोंडातून काढत नव्हतं तो आता नळावर, पारावर, जंगलात, सगळीकडे. एकमेकींना दचकवायला बायका तो झाडांआडून ओरडायच्या आणि हसायच्या. मलाही गंमत वाटत होती. बाबांचा शब्द अख्ख्या गावानं घेतला म्हणून जरा अभिमानही वाटत होता.

मैनाबाई हसल्या नाहीत. त्या एका दुपारी आमच्या अंगणात आल्या, माझ्या खाटेपाशी उकिडव्या बसल्या, आणि डबा बघायला मागितला. मी नुकताच त्याला करडा हात दिला होता, पक्क्या रंगाच्या आधी देतात तो. त्यांनी बोट न लावता सगळ्या बाजूंनी पाहिला. चांगला झाला म्हणाल्या. त्यांच्या घरी त्या जनावराला देवाचा मान आहे, जंगलाच्या वाटेवर त्याचं ठाणं आहे, हे मला माहीत होतं, म्हणून मी जरा सावरून बसले. पण त्या रागावल्या नव्हत्या.

"नाव हाक मारासाठी रायते, बाई," त्या म्हणाल्या. "रोज उगाच हाक मारली तं खऱ्या टायमाले कोन आयकन?"

एवढंच बोलून त्या उठल्या. मला वाटलं, श्रद्धेचं बोलणं आहे, ऐकून घ्यावं. त्या श्रद्धेचं बोलत नव्हत्या. व्यवहाराचं बोलत होत्या.

ती सकाळ मला डब्याच्या रंगासकट आठवते. मी तांबडा रंग देत होते, मालडब्यांना असतो तो गेरूसारखा. वाळलेल्या मोहाचाही रंग तोच. पातळ थर, एका दिशेनं, ब्रश न उचलता. छपराचा अर्धा भाग झाला होता. पाळीपलीकडून हाक आली. वाघीण. नुसतं एवढंच, एकदा. आवाज मला ओळखू आला नाही. विहिरीवर पाणी भरणाऱ्या दोघी हसल्या. पलीकडून झाडांतूनही हसू ऐकू आलं. आणि मीही हसले. ब्रश हातात धरून मी हसले, हे मला आठवतं, आणि ते आठवलं की आजही मला एका जागी बसवत नाही.

मग माकडं खेकसायला लागली, जनावर दिसलं की खेकसतात तशी. हसू थांबलं. त्यानंतर जो आवाज आला तो टोपलीवर काठी बडवल्याचा होता, एक नव्हे, दोन टोपल्या. बायका झाडांतून निघून पाळीवर आल्या. मी एक एक चेहरा बघत होते. हिरवं लुगडं, निळं लुगडं, लाल ओढणी. पोपटी नव्हती. मी उठायचा प्रयत्न केला आणि खाटेवरून खाली पडले. प्लास्टरचा पाय ओढत मी अंगणाच्या दारापर्यंत गेले. दारापर्यंतच. पुढे पायरी होती. मी ओरडून विचारत होते, माय कुठे आहे, आणि पाळीवरच्या बायका माझ्याकडे बघून पुन्हा जंगलाकडे बघत होत्या. दोन टोपल्या अजून वाजत होत्या. वाजताहेत तोवर दोघी आहेत, एवढंच मला समजत होतं. माझा सगळा जीव कानात आला होता.

त्या आल्या तेव्हा उलट्या चालत आल्या. पाठ दाखवायची नाही म्हणून, पाय मागे टाकत, काठी मारत, दोघी खांद्याला खांदा लावून. पाळीच्या उतारापर्यंत तशाच. मग वळल्या. मैनाबाईंचं लुगडं चिखलानं भरलेलं होतं, मायच्या डोक्यावर ओढणी नव्हती. दोघींच्या टोपल्या फुटल्या होत्या, पण त्यांनी त्या सोडल्या नव्हत्या.

माय दारात आली आणि मला जमिनीवर बघून म्हणाली, पडली काऊन? मी तिच्या पायाला मिठी मारून रडले. मोठी बाई, नोकरी करणारी, लहान पोरासारखी रडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात गार पडला होता, आणि त्यालाही मोहाचा वास येत होता.

काय झालं ते तिनं संध्याकाळी सांगितलं, आणि फार थोडं. मैनाबाई वाकल्या होत्या. उठल्या तर झुडपाशी ती होती, आणि तिच्यामागे पिल्लू. मैनाबाईंनी नाव घेतलं. बाकी बायका हसल्या, कारण त्या दिवसांत सगळेच ते ओरडत होते. कोणी वर मान करून पाहिलं नाही. माय एकटी काठी घेऊन आवाजाकडे गेली.

मी विचारलं, तुला कसं समजलं की खरं आहे?

"मैनानं नाव घेतलं," माय म्हणाली. "इतक्या वर्साची सोबत हाय, तिच्या तोंडून म्या तो शब्द कधी आयकला नाई. मस्करीत बी नाई. तिनं घेतला म्हंजे हायच."

 दोघी किती वेळ तिथे उभ्या होत्या, ती किती जवळ होती, मायनं तिच्या डोळ्यांत पाहिलं का? विचारलं तरी माय चुलीतली लाकडं पुढेमागे करत राहिली. दुसऱ्या दिवशी मैनाबाईंनी नेहमीसारखी हाक दिली आणि माय नेहमीसारखी गेली. गावातली ती थट्टा मात्र बंद झाली. कोणी कोणाला सांगितलं नाही, पण नळावर, पारावर, कुठेच तो शब्द पुन्हा ऐकू आला नाही.

मीही सोडला. बाबांचा शब्द, आणि मी तो सोडला. तेव्हापासून मी डबा म्हणते. फोनवर, कुरिअरच्या दुकानात, दक्षिणेतल्या त्या गृहस्थांशी बोलतानासुद्धा. इथे लिहिते आहे खरी, पण लिहिणं म्हणजे उच्चारणं नव्हे, एवढी पळवाट मी ठेवली आहे. मायला वाचता येत नाही, आणि जंगलालाही.

तो डबा माझ्या कपाटात आहे. छपराचा अर्धा भाग गुळगुळीत आणि अर्ध्यावर ब्रश थांबल्याची रेघ. ती मी घासून काढू शकले असते. हातब्रेकचा नवा दांडा आला होता, तोही लावला नाही. तो तसाच असू दे. त्यानंतर मी बरेच डबे केले आहेत, सुबक, अंक आणि अक्षरं चिकटवलेले, काळ्या खडूच्या भुकटीनं कोळशाची धूळ चढवलेले. प्रत्येक चैत्रात एक. त्या महिन्यात रोज सकाळी मी मायला फोन लावते आणि ती उचलेपर्यंत पाण्याखाली काहीतरी घासत राहते. मोह अंगणात ओतला की ती उचलते. आलो, म्हणते, आणि ठेवते. आमचं सगळं बोलणं त्या एका शब्दात होतं.

मागच्या पावसाळ्यात मैनाबाई तापानं गेल्या. मी मातीला गेले होते. माय रडली नाही, त्यांच्या अंगणात एका बाजूला बसून राहिली आणि त्यांची टोपली मांडीवर घेऊन सुटलेल्या कामट्या परत विणत होती. 

बसस्टँडवरून त्या दिवशी मी घरी आले आणि मायला फोन केला. या वर्षी जाणार आहेस का? जाणार, म्हणाली. कोणाबरोबर? बायका आहेत की, म्हणाली.  

"मैना गेली," ती म्हणाली. "आता मले कोनाचं खरं वाटन?"

गावात नव्या सुना आल्या आहेत. ती सकाळ त्यांनी पाहिलेली नाही, फक्त ऐकली आहे, आणि ऐकलेल्या गोष्टीची थट्टा व्हायला वेळ लागत नाही. मायनं सांगितलं की त्या परवा झाडाखाली पुन्हा तेच ओरडत होत्या, हसत होत्या.  

मी म्हटलं, माझं खरं मान.

"तू तं डब्ब्याले बी तेच म्हणे."

"आता नाही म्हणत, माय. त्या दिवसापासून एकदाही नाही."

"मस्करीत?"

"मस्करीत पण नाही."

 मी उभी होते, आणि माझ्या ध्यानात आलं की मी फेऱ्या मारत नव्हते. मग ती म्हणाली, ये मंग, आणि काठी इथीच हाय, आणू नोको.

लॅबमधून मी रजा घेतली आहे. खोकं या वेळी बरोबर आणलं नाही. बंडूभाऊंनी जीपमध्ये विचारलं, यंदा काही नाही आणलं? मी म्हटलं, नाही. ते मग खड्डे सांगत राहिले.

आज पहाटे माय उठली तेव्हा मी जागीच होते. टोपली खरखरली, कडी वाजली. आम्ही पाळीवरून गेलो. झाडाखाली फुलांचा सडा, पाय ठेवायला जागा नाही. पुढे सुनांचा घोळका, त्यांच्यातलं कोणीतरी तो शब्द ओरडलं, आणि सगळ्या खिदळल्या. माय दचकली नाही. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

ती वाकून वेचते आहे. मी तिच्याकडे पाठ करून, जंगलाकडे तोंड करून उभी आहे, हातात मैनाबाईंची काठी. तोंडात तो शब्द आहे, इतकी वर्षं न वापरलेला. मागे मायचे हात फुलांतून सावकाश फिरताहेत.